बारास एक

संपादकांनी अंकाचा विषय 'दार' असा कळवला आणि मी दिव्यांगांसाठी काम करणाऱ्या संस्थांची दारं बघायला निघाले. दुकानांची, बँकांची, नाट्यगृहांची दारं कशी असतात ते सगळ्यांना माहीत आहे. पण जी संस्था दिव्यांगांसाठीच स्थापन झाली, जिच्या पाटीवर तसं मोठ्या अक्षरांत रंगवलेलं आहे, तिच्या दारातून चाकाच्या खुर्चीवरचा माणूस एकटा, कुणाला हाक न मारता आत जाऊ शकतो का? कायदा म्हणतो, जाता आलंच पाहिजे.

हा काही मूठभर लोकांचा प्रश्न नाही. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग नोंदले गेले, त्यातले सुमारे ३० लाख आपल्या महाराष्ट्रात. आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने तर दिव्यांगत्वाचे प्रकारच २१ केले.

नऊ फुटांचा रॅम्प

पश्चिम महाराष्ट्रातलं एक तालुक्याचं गाव. अस्थिव्यंग मुलांची निवासी शाळा, शेजारी कॅलिपर आणि कुबड्या दुरुस्त करणारी छोटी कार्यशाळा, मोठ्या मुलींसाठी शिवणवर्ग. गावातल्या एका डॉक्टरांनी आणि दोन शिक्षकांनी लोकवर्गणीतून उभी केलेली ही संस्था. आजचे कार्यवाह निवृत्त मुख्याध्यापक आहेत आणि इमारतीची सुगम्यता तपासणी त्यांनी स्वतःहून मागवली होती. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढे जे दिसलं त्यामागे कुणाचाही वाईट हेतू नव्हता.

तपासणीला पुण्याहून एक वास्तुविशारद आल्या होत्या. एका अपघातानंतर त्या स्वतः बरीच वर्षं चाकाच्या खुर्चीवर आहेत. मांडीवर पिशवी, पिशवीत टेप, लेव्हल बघायची पट्टी आणि वही. सरांनी शाल-श्रीफळ तयार ठेवलं होतं. मॅडम म्हणाल्या, "सर, ते आत गेल्यावर. आधी मी आत कशी जाते ते बघू."

जोतं दोन फुटांचं. समोर चार पायऱ्या, बाजूला रॅम्प. टेप लावली तर रॅम्प नऊ फूट भरला. मॅडमनी संस्थेच्या गवंडीकाकांना जवळ बोलावलं आणि त्यांच्या भाषेत हिशेब सांगितला: फुटाला बारा फूट. एक फूट वर चढायचं तर रॅम्पची लांबी बारा फूट हवी, दोन फुटांच्या जोत्याला चोवीस. बारास एक म्हणतात तो हाच उतार. नऊ फुटांत दोन फूट चढवले की खुर्चीची पुढची छोटी चाकं उचलली जातात आणि खुर्ची मागे पालथी होऊ पाहते. उतरताना तर हातांनी चाकं धरून ठेवणंच अशक्य होतं, तळहात सोलवटतात. बारास एक हा आकडा कुणाच्या मर्जीतून आलेला नाही, माणसाच्या खांद्यात आणि मनगटात किती जोर असतो त्यातून आलेला आहे.

शिवाय रॅम्पवर गुळगुळीत चकचकीत लादी होती. देणगीदारांनी चांगली म्हणून दिलेली, पावसाळ्यात पाय न ठरणारी. कठडा एकाच बाजूला. अर्धांगवायूने डावा हात गेलेल्याला चढताना तो उपयोगी पडेल, पण उतरताना तो नको त्या बाजूला येईल. म्हणून मानक सांगतं की कठडे दोन्ही बाजूंना हवेत, दोन उंचींवर हवेत आणि रॅम्प संपल्यावरही फूटभर पुढे गेलेले हवेत. हे फूटभर कशाला? अंध माणसाचा पाय सपाटीवर पडण्याआधी त्याच्या हाताला उतार संपल्याचं कळावं म्हणून. मानकांमधल्या जवळजवळ प्रत्येक आकड्यामागे असं कुणाचं तरी शरीर उभं असतं. ते एकदा समजलं की ती पुस्तकं रुक्ष वाटत नाहीत.

"पण मॅडम, आमची मुलं दिवसातून दहा वेळा इथून वर जातात," सर म्हणाले.

"जातात की नेतात, सर?"

सर गप्प झाले. मग खरं ते बोलले, "नेतात. मावशी आहेत ना."

उचलणाऱ्या मावशी

मावशी पन्नाशीच्या. कमरेला पट्टा. वीसेक वर्षं त्या या वसतिगृहात मुलांना उचलतात: खाटेवरून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीत, न्हाणीतून वर्गात. मुलांवर त्यांचा जीव आहे आणि मुलांचाही त्यांच्यावर. मी त्यांच्याशेजारी व्हरांड्यात बसले तेव्हा एक मुलगा त्यांच्या पदराशी खेळत होता.

"लहान असतात तोवर काही नाही वाटत," त्या म्हणाल्या. "आठवीतल्या पोरीला उचलायचं म्हणजे तिलाही नको होतं आणि मलाही. ती तोंड फिरवून घेती. मी काय करू? दार एवढंच हाय."

दार खरोखर एवढंच होतं. मुलींच्या स्वच्छतागृहाला 'दिव्यांग' अशी पाटी होती, निळ्या रंगात खुर्चीचं चित्र होतं, भिंतीला स्टीलचे दांडे होते. पण दाराची मोकळी रुंदी सव्वादोन फूट. मानकाप्रमाणे तीन फूट लागते. आणि दार आत उघडणारं. खुर्ची कशीबशी आत घातली की मागे दार लावायला जागाच उरत नाही. खुर्ची गोल फिरायला पाच फुटांचं वर्तुळ मोकळं लागतं, तिथे मध्येच पाय असलेलं बेसिन बसवलेलं. मग उपाय म्हणून बाहेर दोरीवर जुन्या साडीचा पडदा बांधला होता.

आठवीतल्या त्या मुलीने मला फार बोलून दाखवलं नाही. एवढंच म्हणाली की शाळा सुटेपर्यंत ती पाणी पीत नाही. आणखी दोघींनी माना डोलावल्या. मणक्याला इजा असलेल्या माणसाने पाणी कमी पिणं म्हणजे मूत्रमार्गाच्या संसर्गाला आमंत्रण. पुढे ते मूत्रपिंडावर जाऊ शकतं. दार नऊ इंच अरुंद असल्याची किंमत ही अशी शरीरातून वसूल होते.

'आम्ही उचलून घेऊ ना' हे वाक्य मला जवळजवळ सगळीकडे ऐकू आलं. ते प्रेमाने म्हटलं जातं. पण कायद्याच्या दृष्टीने ते सुगम्यतेच्या जागी चालत नाही, आणि चालू नये. २०२३ मध्ये दिव्यांग हक्क कार्यकर्त्या विराली मोदी यांना त्यांच्या लग्नाच्या नोंदणीसाठी मुंबईत दोन मजले उचलून न्यावं लागलं, कारण नोंदणी कार्यालय दुसऱ्या मजल्यावर होतं आणि लिफ्ट नव्हती. त्यांनी ते जाहीरपणे लिहिलं, तेव्हा राज्याच्या उपमुख्यमंत्र्यांनी दिलगिरी व्यक्त केली. उचलणाऱ्याचा पाय घसरला असता तर, हा त्यांचा प्रश्न होता. स्वतःच्या लग्नाच्या दिवशी कुणालाही हा प्रश्न पडता कामा नये.

शिफारस आणि सक्ती

नियम नव्हते म्हणून असं झालं का? नियम होते. १९९५ चा कायदा होता. २००७ मध्ये भारताने संयुक्त राष्ट्रांचा दिव्यांग हक्क करार मान्य केला. ३ डिसेंबर २०१५ ला सुगम्य भारत अभियान सुरू झालं. आणि २०१६ चा अधिनियम तर अगदी स्पष्ट आहे. नकाशात सुगम्यता नसेल तर बांधकामाला परवानगी द्यायची नाही, बांधून झाल्यावर नसेल तर भोगवटा प्रमाणपत्र द्यायचं नाही, असं कलम ४४ सांगतं. जुन्या सार्वजनिक इमारतींना कलम ४५ ने नियम निघाल्यापासून पाच वर्षं दिली. नियम जून २०१७ मध्ये निघाले, म्हणजे मुदत २०२२ मध्येच संपली. आणि 'सार्वजनिक इमारत' म्हणजे फक्त सरकारी नव्हे. लोकांचा वावर असलेली खासगी इमारतही तीत येते. ट्रस्टची शाळा, दवाखाना, कार्यशाळा, सगळं आलं.

मग घोटाळा कुठे होता? तो दाखवून दिला राजीव रतुरी खटल्याने. रतुरी हे दृष्टिहीन गृहस्थ. रस्ते, वाहतूक आणि सार्वजनिक जागा सुगम्य व्हाव्यात यासाठी त्यांनी २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. २०१७ मध्ये न्यायालयाने सविस्तर निर्देश दिले. त्यांचं पालन होईना, म्हणून हैदराबादच्या नालसार विधी विद्यापीठातल्या दिव्यांग अभ्यास केंद्राला प्रत्यक्ष पाहून अहवाल द्यायला सांगितलं. त्यानंतर ८ नोव्हेंबर २०२४ ला सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने निकाल दिला. तो त्यांच्या कामकाजाचा शेवटचा दिवस होता.

निकालाचं मर्म असं. अधिनियमाची भाषा सक्तीची आहे: 'केलंच पाहिजे'. पण त्याखालच्या नियम १५(१) ने वेगवेगळ्या मंत्रालयांच्या मार्गदर्शक सूचनांकडे बोट दाखवलं होतं, आणि त्या सूचनांची भाषा शिफारशीची होती: 'करावं', 'शक्यतो असावं'. म्हणजे कायद्याने दिलेली सक्ती नियमाने काढून घेतली. न्यायालयाने तो नियम अधिनियमाशी विसंगत म्हणून रद्दबातल ठरवला आणि केंद्र सरकारला सांगितलं की या भल्यामोठ्या सूचनांमधून किमान, न टाळता येण्याजोग्या गोष्टी वेगळ्या काढा आणि त्यांचे बंधनकारक नियम तीन महिन्यांत करा.

याच निकालातली एक समजूत मला फार मोलाची वाटते. सुगम्यता आणि वाजवी सोय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वाजवी सोय म्हणजे एखादा माणूस आल्यावर, त्याची विशिष्ट अडचण ऐकून केलेली तजवीज. सुगम्यता त्याच्या येण्याआधीच तयार असावी लागते. कुणी मागितली नाही म्हणून ती टाळता येत नाही. 'आमच्याकडे खुर्चीवरचं कुणी येतच नाही' असं सांगणाऱ्या संस्थाचालकांना मी आता विचारते की ते येणार कसे?

तपासणीच्या तक्त्यात

दिव्यांगांसाठी काम करणाऱ्या संस्थेला २०१६ च्या अधिनियमाखाली नोंदणी प्रमाणपत्र घ्यावं लागतं. ते नसेल तर संस्था सुरू करता येत नाही आणि चालवताही येत नाही. राज्य सरकारने ठरवलेल्या सुविधा आणि मानकं पुरी करण्याची संस्थेची तयारी असेल तरच ते मिळतं, आणि अटी मोडल्या तर रद्दही होऊ शकतं. कायद्याने संस्थांच्या दाराशी पहारेकरी उभा केला आहे, असं म्हणायला हरकत नाही.

पहारा कसा चालतो? मी पाहिलेल्या एका तपासणी तक्त्यात ओळ होती, 'रॅम्प', आणि तिच्यापुढे दोन रकाने: आहे, नाही. नऊ फुटांचा रॅम्प 'आहे' मध्ये बसतो. साडीचा पडदा लावलेलं स्वच्छतागृहही 'आहे' मध्ये बसतं. तपासायला आलेला अधिकारी तासाभरात हजेरीपट, कर्मचाऱ्यांची प्रमाणपत्रं, स्वयंपाकघर, खाटा असं सगळं बघतो. टेप त्याच्याकडे नसते आणि तक्ता ती मागतही नाही. एका रकान्याऐवजी चार आकडे लिहायला लावले, म्हणजे रॅम्पची उंची, लांबी, दाराची मोकळी रुंदी आणि फिरायची जागा, तर सगळ्या जिल्ह्याचं चित्र वर्षभरात कागदावर येईल. यासाठी नवा कायदा लागत नाही.

दंडाची तरतूद आहे. अधिनियम मोडला तर पहिल्या वेळी दहा हजारांपर्यंत, पुढच्या प्रत्येक वेळी पन्नास हजार ते पाच लाख. पण लोकवर्गणीवर चालणाऱ्या संस्थेला दंड करून मुलींचं दार रुंद होत नाही, हेही तितकंच खरं. दंड मोठ्यांसाठी ठेवावा, पैसा असून न करणाऱ्यांसाठी. छोट्यांना आधी मोजून द्यावं, मुदत द्यावी, आणि मग विचारावं.

न दिसणाऱ्या पायऱ्या

सुगम्यता म्हटलं की आपण रॅम्पवर थांबतो. अंध आणि कर्णबधिर माणसांच्या वाटेतल्या पायऱ्या वेगळ्या असतात.

पदपथावरच्या पिवळ्या उंचवट्याच्या लाद्या आता मोठ्या शहरांत दिसतात. ही कल्पना जपानची, सेइइची मियाके यांची. १९६७ मध्ये ओकायामात अंधशाळेजवळ त्या पहिल्यांदा बसल्या. त्यांची लिपी सोपी आहे: लांब रेघा म्हणजे चालत राहा, ठिपके म्हणजे थांब, पुढे पायरी, वळण किंवा धोका. एका संस्थेच्या अंगणात मी या लाद्या पाहिल्या. सगळ्या ठिपक्यांच्या, आणि अंगणाच्याच करड्या रंगाच्या. काठीने चालणाऱ्याला त्या पावलोपावली 'थांब' सांगत होत्या, आणि अंधुक दिसणाऱ्याला पिवळ्या रंगाचा जो आधार असतो तोही नव्हता. ठेकेदाराने नमुना बघून एक प्रकार उचलला, लिपी त्याला कुणी सांगितलीच नव्हती. मुंबईत पदपथांच्या तोंडाशी गाड्या चढू नयेत म्हणून रोवलेल्या खांबांमधून चाकाची खुर्ची जाईना, तेव्हा एका दिव्यांग नागरिकाच्या पत्रावरून मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्वतःहून दखल घेतली. चांगल्या हेतूने केलेलं काम एका मापाने चुकलं की असं होतं.

कागदांची गोष्ट याहून बिकट. एका अंध शिक्षकांनी मला त्यांच्या संगणकावर ती ऐकवली. स्क्रीन रीडर हा कार्यक्रम पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवतो. युनिकोडमधली मराठी तो नीट वाचतो. मग त्यांनी अनुदानाविषयीचं एक परिपत्रक उघडलं. जुन्या फाँटमध्ये टाइप केलेलं. आवाजाने इंग्रजी अक्षरं, कंस आणि चिन्हं यांची एक निरर्थक माळ वाचायला सुरुवात केली. दुसरं उघडलं, ते सही-शिक्क्यासह स्कॅन केलेलं होतं, म्हणजे नुसतं चित्र. यंत्र एकही शब्द बोललं नाही. "हे माझ्याच शाळेच्या अनुदानाचं परिपत्रक आहे," ते म्हणाले. "मला ते शिपायाकडून वाचून घ्यावं लागतं." परिपत्रक युनिकोडमध्ये तयार करून सहीच्या प्रतीबरोबर मजकुराची फाइलही ठेवायची, एवढंच काम आहे. एका रुपयाचाही खर्च नाही.

३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने प्रज्ञा प्रसून खटल्यात डिजिटल सुगम्यता हा अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचं सांगितलं. बँकेची ओळख पडताळणी करताना मोबाइल म्हणतो 'डोळे मिचकावा'. ॲसिड हल्ल्यात पापण्याच गेलेल्या बाईने काय मिचकावायचं? अंध माणसाने आपला चेहरा चौकटीत आहे की नाही हे कसं बघायचं? न्यायालयाने यावर वीस निर्देश दिले. दिव्यांगांच्या संस्थांची संकेतस्थळं, देणगीची पानं, प्रवेशाचे अर्ज हे सगळं त्याच कसोटीवर तपासायला हवं.

कर्णबधिरांसाठी तर बहुतेक ठिकाणी काहीच नसतं. त्यांच्यासाठी भरलेल्या मेळाव्यात भाषणं ध्वनिक्षेपकावर आणि दुभाषा नाही, हे मी पाहिलं आहे. एक मुलगी मैत्रिणीला हातवाऱ्यांनी जेवढं कळलं तेवढं सांगत होती.

रात्रीच्या खुर्च्या

त्या वसतिगृहात संध्याकाळी एक गोष्ट दिसली. मुलं झोपली की खोलीत जागा व्हावी म्हणून त्यांच्या खुर्च्या आणि कुबड्या व्हरांड्यात ओळीने लावून ठेवतात. मॅडमनी ते बघितलं आणि वही मिटून सरांना म्हणाल्या, "बाकीचं सगळं नंतर करा. हे आजपासून बदला." रात्री आग लागली किंवा साप निघाला तर एकही मूल खाटेवरून हलू शकणार नव्हतं.

६ ऑगस्ट २००१ ला तामिळनाडूतल्या एरवाडीत मनोरुग्णांसाठीच्या एका आश्रयगृहात पहाटे आग लागली आणि साखळ्यांनी बांधलेली २८ माणसं जळून गेली. त्यांचीही काळजी घेण्यासाठीच ती जागा होती. मानकांमधलं बाहेर पडण्याच्या वाटेचं, दिवा लागून दिसणाऱ्या धोक्याच्या घंटेचं प्रकरण वाचताना मला एरवाडी आठवते. आमच्या तालुक्याच्या गावात त्या रात्री खाटा भिंतीकडे सरकवल्या आणि प्रत्येक खाटेशी खुर्ची बसली. जागा होती.

पैसे आणि वाट

रॅम्पसाठी चोवीस फूट आणायचे कुठून, ही सरांची खरी चिंता. समोर रस्ता. मॅडम इमारतीला वळसा घालून मागे गेल्या. तिथे जमीन चढाची, जोतं जेमतेम आठ इंच. व्हरांड्याची एक खिडकी काढून तिथे तीन फुटांचं दार केलं तर आठ फुटांचा रॅम्प पुरणार होता. गवंडीकाकांनी जागेवरच खुणा केल्या. स्वच्छतागृहाचं दार बाहेर उघडणारं करायचं, चौकट काढून रुंद करायची, बेसिन कोपऱ्यात भिंतीला टांगायचं. चकचकीत लादीवर खरखरीत फरशी. देणगी मागण्याजोगा खर्च, पण एखाद्या स्नेहसंमेलनापेक्षा फार मोठा नाही. हेच सगळं मुळात नकाशात असतं तर बहुतेक काहीच जास्त लागलं नसतं.

एक आग्रह मी धरेन. मागचं दार हे फक्त मुलांचं दार होऊ नये. ते सगळ्यांचं करावं, पाहुण्यांचं आणि अध्यक्षांचंसुद्धा. सरांनी ते लगेच मान्य केलं.

कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था सुरू केली. त्या स्वतः चाकाच्या खुर्चीवरून हा संसार हाकत आल्या. इमारत कशी हवी ते ठरवणारा माणूस स्वतः खुर्चीवर असेल तर दाराची रुंदी कुणाला पुस्तकातून शोधावी लागत नाही. आपल्या किती संस्थांच्या विश्वस्त मंडळांत दिव्यांग व्यक्ती आहे? माझ्या पाहण्यातल्या बहुतेक मंडळांत नव्हती. मोजमापं चुकण्याचं सगळ्यात मोठं कारण मला तिथे दिसतं.

तीन डिसेंबर

दिवाळी उरकली की ३ डिसेंबर येतो, जागतिक दिव्यांग दिन. गावोगावी कार्यक्रम होतील. व्यासपीठ तीन फुटांचं असेल, त्याला पाच पायऱ्या असतील, आणि बक्षीस घ्यायला आलेल्या मुलाला दोघे कार्यकर्ते खुर्चीसकट उचलून वर नेतील किंवा पाहुणे खाली उतरून त्याला बक्षीस देतील. जानेवारी २०२३ मध्ये पणजीत पहिला पर्पल फेस्ट भरला, तेव्हा गोव्याने दाखवून दिलं की दिव्यांगांना केंद्रस्थानी ठेवून मोठा सार्वजनिक उत्सव उभा करता येतो. आपल्या छोट्या कार्यक्रमाला तेवढं बळ लागत नाही. तीन फुटांच्या व्यासपीठाला छत्तीस फुटांचा रॅम्प लागतो. तेवढी जागा नसेल तर व्यासपीठच काढून टाका आणि सगळे जमिनीवर एका पातळीत बसा. सांकेतिक भाषेचा दुभाषा आधी ठरवा, मग प्रमुख पाहुणे.

आणि वाचकहो, तुम्ही एखाद्या संस्थेचे देणगीदार असाल, विश्वस्त असाल किंवा नुसतेच वाटेवरून जाणारे असाल, तर यंदा तिथे एक टेप घेऊन जा. रॅम्प मोजा, दार मोजा, आकडे लिहून संस्थेला द्या. संस्थेने किंवा कार्यालयाने दाद दिली नाही तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे लेखी तक्रार करता येते. त्यांचं कार्यालय पुण्यात आहे, आणि साक्षीदारांना बोलावण्याचे, कागदपत्रं मागवण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार कायद्याने त्यांना दिलेले आहेत.